रिकाम्या भोकांतले बोल्ट

बाबांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवायचं काम शेवटी एका जुन्या ट्रकवर येऊन पडलं. आई गेल्यापासून बाबा काहीच्या बाही बोलतात, असं दादाचं म्हणणं. घराला कुलूप लावून त्यांना आपल्याकडे न्यायचं त्याने ठरवूनही टाकलं होतं. बाबांना विचारायच्या भानगडीत तो पडला नव्हता.

धाकटी बहीण बस आगारात गाड्या तपासायची. म्हणून दादानेच तोडगा काढला. बाबा येताजाता सांगत: शेडमधला ट्रक त्यांच्या लग्नाच्या सालचा, आई नवरी म्हणून त्यातूनच घरी आली, आणि मागच्यांसारखी त्याची पुढची चाकंही गाडी ओढतात. दादा म्हणाला, तू तपास, खरं निघालं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. धाकटी हो म्हणाली.

बाबा शेडच्या दारात स्टूल टाकून बसले. धाकटी गोणपाट अंथरून ट्रकखाली शिरली. पुढचा ॲक्सल सरळसोट, साधा. ओढणाऱ्या ॲक्सलला मध्ये जो फुगीर गोळा असतो, त्याचा पत्ता नाही. केबिनमध्येही गिअरचा एकच दांडा, पुढची चाकं जोडायचा दुसरा दांडा नाही. मग तिने चासीवर ठोकलेला नंबर खरवडून काढला. त्यातल्या अक्षरावरून साल कळतं. साल निघालं तिच्या स्वतःच्या जन्माचं, म्हणजे लग्नाच्या बरंच नंतरचं.

दादाने मोबाइलचा उजेड धरला होता. त्याने तो नंबरावरून बाजूला घेतला. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं, असं तिला वाटलं. डोळे भरून आले, ते तिने तेलकट बाहीलाच पुसले.

हात रिकामे राहू नयेत म्हणून ती गिअरबॉक्सच्या मागचा तेलमातीचा थर काढत राहिली. आत आणखी एक पेटी होती. पेटीच्या पुढच्या तोंडाला एक चकती, आणि चकतीच्या भोकांत बोल्ट, नट लावून घट्ट आवळलेले. त्या बोल्टांनी धरलं मात्र काहीच नव्हतं.

धाकटीला हसू फुटलं. बाबांची खोड तिला पाठ होती. काढलेली वस्तू जिथं जायची तिथं जाऊ दे, तिचे स्क्रू ते परत तिच्याच भोकांत पिळून ठेवत, म्हणजे हरवत नाहीत. पंखा दुरुस्तीला गेला तरी छताला स्क्रू शाबूत. आई त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा करायची.

"दादा, पुढच्या चाकांना जोर पोचवणारा शाफ्ट इथून जात होता," ती खालूनच म्हणाली.

बाबांनी सांगितलं, पुढचा गोळा फुटला, सुटा भाग कुठे मिळेना, म्हणून साधा ॲक्सल घातला. केबिनमधल्या दुसऱ्या दांड्याचा उपयोग उरला नाही, तोही काढला. सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत.

"आणि साल?" दादाने चिकाटी सोडली नाही. "ते तर साफ चुकलं."

"चुकलेलंच आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "तुमची आई दुसऱ्याच्या टेंपोत, सामानावर बसून आली. तिला ते फार लागलं होतं. पुढं ट्रक आला, तेव्हापासून ती शेजारणींना सांगायची, मी यातूनच नवरी म्हणून आले. मी कधी खोडलं नाही. आता सांगायला ती नाही, म्हणून मी सांगतो."

दादा हात धुवायला आत गेला, तो बराच वेळ आलाच नाही. धाकटी बघायला गेली, तर तो स्वयंपाकघरात भिंतीसमोर उभा. तिथली आईची डब्यांची फळी त्यानेच मागे आपल्या घरी नेली होती. फळीचे चारही स्क्रू बाबांनी भिंतीत परत पिळून ठेवले होते.

तो बाहेर आला आणि बाबांसमोर उकिडवा बसला. "बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"इथंच," बाबा म्हणाले. "आधी विचारलं असतंस तर हिला एवढं लोळावं लागलं नसतं."