जपानच्या शिळेची अम्गऱ्यातली बहीण

मित्रांनो, कुवेतमधल्या अम्गऱ्याच्या भंगार यार्डात, गंजक्या टाक्यांच्या मागे उभी आहे ती मी, एक जुनी शिळा. शाळेची पायरी चढले नाही, पण तोंड शाबूत आहे. तेव्हा माझी कहाणी मीच सांगते.

जपानात एक अजस्र शिळा आहे. घराएवढी, चौकोनी, खाली पाणी. बघणाऱ्याला वाटतं, पाण्यावर तरंगतेय. कुणी घडवली, कशासाठी, कुणालाच ठाऊक नाही. मी तिची नक्कल. इथल्याच शुवैख भागातल्या एका शेठला हौस आली नि रत्नागिरीच्या हारून गवंड्यानं सळ्या बांधून, सिमेंट ओतून मला उभं केलं. उंची निम्मी, पण ऐट पुरी! दोन वर्षं लोक शेठच्या गोदामाच्या दारात माझ्याशेजारी फोटो काढायचे. पोट आत घ्यायचं, दात दाखवायचे नि निघायचं. मग शेठची हौस फिटली, माझ्या जागी कारंजं आलं. तेव्हापासून इथे धूळ खातेय. हारूनही म्हातारपणी इथेच राखणीला लागला.

परवाच्या शुक्रवारी यार्ड रिकामं करायचं होतं. माझी खडी करायला नांदेडचा सखाराम ब्रेकर मशीन घेऊन आला. तेवढ्यात पुण्याचा गुरुप्रसाद इंजिनियर बायको-मुलीला घेऊन मला शोधत हजर! जपानची शिळा पाहून आलेला, म्हणून फार शहाणा. टेप लावून म्हणतो, "प्रमाण चुकलंय." जन्मात एक वीट रचली नसेल मेल्यानं!

मुलगी जुईली मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "ममा, इट्स फेक."

"असं बोलू नये गं. जपानात हिची पूजा होते," म्हणत आई शर्मिलानं पर्समधून हळदीकुंकवाला मिळालेला करंडा काढला नि मला कुंकू टेकवलं. मला कपाळ तरी आहे का? पण या लोकांना उभा दगड दिसला की बोटं शिवशिवतात.

झालं! सखारामनं मशीन बंद केलं. "चाचा, कुंकू लागलं. आता मी हात लावायचा नाही."

वाचले म्हणायची मी, तर हारूनच बोलला, "अरे येड्या, ही देवी नव्हे. मी सिमेंट कालवून केलीय."

घ्या! बापच मला मारायला निघाला.

मग त्यानं सखारामचा हात धरून माझ्या कडेवर ठेवला. "कुंकू राहू दे बाजूला. ही कड बघ. तीन दिवस घोटलीय. फोडावीशी वाटली तर खुशाल फोड."

सखारामनं बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. "चाचा, सांधा कुठाय?"

"शोध की."

सापडला नाही. सखारामनं फोन काढला. "क्रेन पाठव रे. एक शिळा इथून आपल्या कंपनीच्या यार्डात न्यायचीय. हां, अख्खी."

मित्रांनो, जपानच्या त्या थोरलीपुढे लोक वाकतात, पण तिच्या बापाचं नाव एकालाही सांगता येत नाही. माझ्या बापाचं नाव हारून. वस्तू बघायला जाल तेव्हा टेप नि करंडा घरी ठेवा. आधी विचारा, कुणी केली. आणि तो माणूस समोर असला, तर त्याला बसायला खुर्ची द्या. त्या दिवशी हारून सकाळपासून उभाच होता, नि त्या शहाण्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही.