यंत्र गप्प झालं तेव्हा

मोकपो शहरातल्या त्या प्रसूतिगृहात सेरिनला लागून जेमतेम सात महिने झाले होते, आणि सात महिन्यांच्या नर्सचे हाल तिथे कुत्रं खात नाही.

त्या दुपारी बाळंतपणाला आलेल्या योनजूच्या पोटाला लावलेलं यंत्र सारखं कोकलत होतं. बाळाचे ठोके सापडेनासे झाले की ते असं ओरडतं, हे सेरिन पाठ करून आलेली. उशाशी, बाळंतिणीला देतात त्या समुद्री शेवाळाच्या सुपाचा डबा घेऊन बसलेल्या सासूने कुरकुर केली, की या भोंग्यानेच पोरगी अर्धमेली होईल. मग थोरल्या नर्स बांग बाई आल्या. अठ्ठावीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई! त्यांनी पोटावरची चकती जरा सरकवली, पट्टा आवळला, आणि यंत्र गप्प झालं. एकशे अठरा ठोके, अगदी नियमित. हाताला सवय लागावी लागते, असं त्यांनी सेरिनला सगळ्यांसमोर ऐकवलं.

सेरिनने योनजूचं मनगट धरून नाडी मोजली. एकशे अठरा. कळ आली तसे दोन्ही आकडे बरोबरीने चढले. यंत्र आईचेच ठोके मोजत होतं. बाळाचे कुठे गेले, देव जाणे.

पण नातेवाइकांसमोर थोरल्या नर्सला चुकलात म्हणायचं? लहान तोंडी एवढा मोठा घास! गेल्या वर्षी एकीने घेतला होता. चार महिने तिच्याबरोबर कुणी जेवायला बसलं नाही. बाई बाहेर आल्या की सांगू, म्हणून सेरिन दारात उभी राहिली. बाई सासूशी सुपाच्या गप्पा मारत बसल्या. वीस मिनिटं! जळो मेली ती रीत, ओरडायचं होतंस की गं!

शेवटी तिने मान खाली घालून सांगितलं. बाई पांढऱ्याफटक पडल्या. धावपळ झाली, सिझर झालं, पण पोटातली मुलगी आधीच गेली होती.

बाईंनी सेरिनला बजावलं, नंतर यंत्र वाजलं नाही एवढंच सांगायचं. खोटं थोडंच आहे?

तिसऱ्या दिवशी योनजूनेच विचारलं, "ताई, तुम्ही तिथेच होतात ना? यंत्राने काहीच सांगितलं नाही?"

"नंतर एकदाही वाजलं नाही," सेरिन म्हणाली.

"मग तुम्ही तरी काय करणार," योनजू म्हणाली. टाके ओले होते तरी ती धडपडत उठून बसली, आणि कमरेत वाकून तिने सेरिनचे आभार मानले.