पंच्याऐंशीवं मेंढरू

निजाम गेला, हुकूम देणारे बदलले. कागदाची मिजास तेवढी जागच्या जागी राहिली. येलदरीला पूर्णेच्या काठी सरकारनं औषधाचा हौद बांधला. गोचीड मरावी म्हणून मेंढरं त्यातून पोहवून काढायची, आणि माणिकराव कारकुनानं मुठीतल्या चकचकीत यंत्राचं बटण दाबत ती मोजायची. टिक, टिक, टिक.

कासाबाई धनगरणीच्या काळजाला त्या टिकटिकीनं डागण्या बसत होत्या. तिच्या सात पिढ्यांत कुणी मेंढरं मोजली नव्हती. मोजलं की दृष्ट लागते. मेंढरू तोंडानं ओळखायचं असतं.

"आत चौऱ्याऐंशी, बाहेर चौऱ्याऐंशी," माणिकराव म्हणाला. "अंगठा उठवा, मावशी."

"न्हाई. ह्यात माजी बांडी मेंढी न्हाई. दुसरीच कोन तर आलीया."

"सगळीच भिजून पिवळी झालीत. तुम्हाला काय कळतं? यंत्र चुकत नाही."

"चुकत नसंल. वळखतं का?"

माणिकराव हसला. "विलायतेत यंत्रं गणितं सोडवायलीत, मावशी. उद्या विचारसुद्धा करतील, माणसाहून सरस!"

"मंग उद्या इचारू त्याला. कोकरू आज उपाशी हाय."

बांडीचं आठ दिवसांचं कोकरू डालग्याखाली केकाटत होतं. सकाळी हौदाच्या तोंडाशी उमाजीचा कळप खेटला होता, तेव्हाच अदलाबदल झाली असणार. उमाजीचा आकडाही बरोबर भरला होता, आणि तो गंगाखेडच्या वाटेला लागलाही होता. तो गेला की कोकरू गेलं.

कासाबाईनं कोकरू काखेत मारलं, परक्या मेंढीच्या गळ्यात दोरी घातली आणि निघाली.

"अहो, अंगठा राहिला!"

"ऱ्हाऊ द्या. माजा हाय, माज्यापाशीच बरा!"

माणिकराव वही घेऊन मागं पळत सुटला. सरकार असं पळताना बघून नदीवर धुणं धुणाऱ्या बाया पोट धरून हसल्या.

वळणावर उमाजी कळप थांबवून उभाच होता. "आक्का, तुज्याकडंच यायलो व्हतो. ही एक पाव्हणी मघापून मला तोंडच दाखवंना!"

कोकरू एकदाच ओरडलं. शंभरभर मेंढरांनी मान वर केली नाही. एक मात्र सगळ्यांना ढुशा देत बाहेर आली. कोकरानं हुंगलं आणि नाक मुरडलं. आईच्या अंगाला औषधाचा वास. बांडी हळूच बेंऽऽ करून बोलली. मग काय! कोकरू खाली घुसलं आणि शेपटी अशी फिरवायला लागलं की उपटून हातात येते का काय.

परकी मेंढी उमाजीच्या कळपात सोडून सगळे हौदावर परतले, तेव्हा माणिकरावानं हट्टानं पुन्हा मोजलं. "बघा! आत्ताही चौऱ्याऐंशीच. मग बदललं काय?"

"त्या कोकराला इचारा, सायेब."

कोकरू दूध पिता पिता मागं सरकलं आणि साहेबाच्या धोतरावरच मुतलं. माणिकराव ओरडायला गेला, पण तोंडातून हसू फुटलं. इतकं, की डोळ्यांत पाणी आलं आणि अंगठा आपोआप दाबला गेला.

टिक.

"आता हे पंच्याऐंशीवं कुठून आलं?"

कासाबाईनं शाईत अंगठा बुडवला. "लिवा की तुमचंच नाव. आलात एकदाचे कळपात!"