खिडकीकडचा कल

शीर्षासनात तोल गेला की वर्गातले सगळे खिडकीकडेच का कलंडतात, हे कोडं तिला पहिल्याच आठवड्यात पडलं. बेकरीवाला तिकडेच कलंडे, दाताची डॉक्टरीण तिकडेच. निवृत्त पोस्टमास्तर तर पाय पुरते वर जाण्याआधीच त्या दिशेला झुकत. दाराच्या बाजूला जणू कुणी न दिसणारा टेकू लावून ठेवला होता.

वर्ग मुळात तिच्या वडिलांचा. महिन्यापूर्वी कलंडणाऱ्या बेकरीवाल्याला झेलण्यासाठी त्यांनी अख्खं अंग झोकून दिलं आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. बेकरीवाल्याला साधं खरचटलंही नाही. "पुन्हा अशी झेप घेतलीत तर हात कायमचा अधू होईल," डॉक्टरांनी बजावलं. "मग शिकवणं विसरा." तेव्हापासून वडील हात गळ्यात अडकवून घरी बसले होते आणि नुकतीच योगशिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण झालेली ती त्यांच्या जागी उभी राहत होती.

"काका, तुम्ही नेहमी तिकडेच का हो पडता?" तिने पोस्टमास्तरांना विचारलं.

"अगं ताई, पडायचंच तर माणसानं ओळखीच्या बाजूला पडावं," ते सतरंजीवर ऐसपैस बसत म्हणाले.

"आणि सर असताना आम्ही पडायचो कुठे?" बेकरीवाला हसला. "नुसते कलायचो."

ते वाक्य घेऊनच ती घरी आली. वडील डाव्या हाताने शेंगा सोलण्याची खटपट करत होते. निम्मे दाणे जमिनीवर घरंगळत होते आणि प्रत्येक दाण्यामागे त्यांचा बांधलेला हात झोळीतल्या झोळीत उसळत होता.

"बाबा, वर्गात तुम्ही कुठे उभे राहायचात?"

"खिडकीपाशी, उजवी बाजू वर्गाकडे करून. का गं?"

"तिथेच का?"

उत्तर आईने दिलं. "सवय, दुसरं काय! फुटबॉल खेळायचे तेव्हा गोलरक्षक म्हणूनसुद्धा हे असेच उभे राहायचे. उजवा हात चांगला, म्हणून त्या बाजूला मुद्दाम मोठी जागा मोकळी ठेवायची. समोरच्याला वाटायचं, इथून गोल सोपा. तो तिकडेच मारायचा आणि हे झेलायचे. लोक उगाच 'भिंत' म्हणायचे. ही भिंत नव्हती, उघडं दार होतं!"

वडील ओशाळून हसले. गुडघे कुरकुरू लागल्यावर त्यांनी मैदान सोडून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली होती. मग शाळेत उड्या मारणारी पोरं झेलण्यात निम्मं आयुष्य सरलं. योगाकडे ते वळले आईच्या पाठदुखीमुळे. तिला सोबत म्हणून वर्गाला गेले. आई दोन आठवड्यांत कंटाळली, ते मात्र तिथेच रुजले.

"घरातसुद्धा या माणसानं कधी चमचा खाली पडू दिला नाही," आई म्हणाली. "लहानपणी तू तिच्या अंगणात पडलीस तेव्हा, तुला पडता येतं हे आम्हाला शेजारणीनं सांगितलं."

ती हसली खरी, पण आता सगळं स्वच्छ दिसत होतं. ज्या बाजूला तिचे वडील, त्या बाजूला पडणंच नव्हतं. म्हणून सगळे तिकडे.

"बाबा, तुम्ही त्यांना पडायला शिकवलंच नाहीत."

"पडायला कुणी शिकवतं का?"

"आम्हाला सगळ्यात आधी तेच शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, घरंगळायचं. मी त्यांना शिकवतेय. पण तुम्ही परत आलात की पुन्हा झेप घ्याल."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "झेलायचं नाही," ते हळू आवाजात म्हणाले, "तर मग मी तिथे उभा कशाला राहू?"

ती जमिनीवरचे दाणे वेचू लागली.

हात मोकळा झाल्यावर वडील वर्गात आले, ते दारापाशी उभे राहिले. पोस्टमास्तरांनी पाय वर नेले, क्षणभर ते मेणबत्तीसारखे सरळ राहिले आणि मग सवयीने खिडकीकडे झुकू लागले. तिथे कुणी नव्हतं. वडिलांचे गुडघे वाकले, टाचा उचलल्या गेल्या. वडिलांनी डाव्या हाताने आपलंच उजवं मनगट घट्ट पकडलं.

पोस्टमास्तर पाठ गोल करून घरंगळले, धप्प आवाज झाला आणि केस विस्कटलेल्या अवस्थेत ते उठून बसले. "सर, पाहिलंत?"

वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण डोळ्यांत काहीतरी नवंच होतं. इतक्या वर्षांत पडणारं माणूस त्यांनी कधी पुरतं पाहिलंच नव्हतं; दर वेळी ते आधीच पोचलेले असत. ते दारापासून पुढे आले, सतरंजीशेजारी हळूच उकिडवे बसले.

"परत पडा बघू," ते म्हणाले. "कंबर कुठून वळली, ते नीट दिसलं नाही."