गुणवंतरावांच्या मांडीतून

मित्रांनो, गुडघ्याच्या चार बोटं वर, मांडीच्या पुढच्या भागात माझं घर आहे. मी एक स्नायुतंतू, म्हणजे स्नायूची एकच पेशी. जाडी केसाएवढी, लांबी बोटभर. वय एकसष्ट वर्षं आणि वर काही महिने, कारण माझे मालक गुणवंतराव जन्मण्याआधीच मी तयार होतो. पुष्कळ लहान पेशी एकमेकींत मिसळून मी झालो, म्हणून माझ्यात शेकडो केंद्रकं आहेत. मालकांच्या मेंदूतल्या पेशींना एकेकच असतं, आणि ते त्यांच्या वागण्यात दिसतं.

शाळेत असताना मालक खो-खो खेळत. उकिडवे बसलेले असायचे आणि पाठीवर थाप पडताच सुसाट सुटायचे. लोक वाहवा करत, मालक छाती फुगवत. छातीचा त्यात काय संबंध होता, हे कोणी विचारलं नाही. पुढे ते केंद्र सरकारच्या नोकरीत लागले आणि पस्तीस वर्षं फायलींवर ‘चर्चा करावी’ असं लिहीत बसले. मी टेबलाखाली अंधारात पडून होतो. आता ते गाझियाबादला सातव्या मजल्यावर राहतात. लिफ्ट बंद असते त्या दिवशी घरात भाजी येत नाही.

मी काम कसं करतो हे त्यांना ठाऊक नाही, निदान तुम्हाला तरी असावं. माझ्या आत दोन प्रकारचे धागे आहेत, बारीक ॲक्टिनचे आणि जाड मायोसिनचे. दोन कंगव्यांचे दात एकमेकांत सरकवावेत तसे ते बसलेले असतात. मज्जारज्जूतून निघालेली एक चेता, म्हणजे मेंदूचा निरोप आणणारी तार, माझ्यापाशी येऊन थांबते आणि कणभर रसायन सोडते. तेवढ्याने माझ्या अंगावरून विजेची लाट धावते, माझ्या आतल्या पिशव्या उघडतात आणि कॅल्शियम बाहेर पडतं. बारीक धाग्यावर पकडीच्या जागा असतात, त्या एरवी झाकलेल्या. कॅल्शियम आलं की झाकण सरकतं. मग मायोसिनची इवली डोकी धागा पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात, विहिरीचा दोर ओढताना आपण हात बदलतो तसं. धागे स्वतः आखूड होतात असं समजणारे लोक अजून आहेत. त्यांना नमस्कार. धागे एकमेकांवरून फक्त सरकतात, आखूड होतो तो मी. आणि पकड सोडायलाही एटीपी नावाचं इंधन लागतं. मेल्यावर शरीर ताठ होतं ते इंधन संपल्यामुळे. मालकांचा ताठा कशामुळे आहे, ते मला कळलेलं नाही.

आता त्यांच्या फजितीविषयी. दर संक्रांतीला दिल्लीकडची बरीच मराठी मंडळी पानिपतला जातात, युद्धात पडलेल्यांना वंदन करायला. आमच्या मंडळाची बस असते आणि तिची यादी बळवंतराव करतात. यादीत एक रकाना असतो, ‘खुर्ची हवी का?’ बाकीचे सतरंजीवर बसतात. गेल्या वर्षी मालक सतरंजीवर ऐटीत बसले आणि उठायच्या वेळी उठेनात. दोन मुलांनी काखेत हात घालून त्यांना उचललं. तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला.

दिवाळीत बळवंतरावांचा फोन आला. “गुणवंतराव, या वर्षी खुर्ची लिहू की क्रेन सांगू?”

“सतरंजी,” मालक म्हणाले आणि फोन ठेवला.

गुरुग्रामला नोकरी करणारी त्यांची मुलगी संपदा लगेच एक मसाजर घेऊन आली. त्यात पाय घालायचे आणि बटण दाबायचं. “बाबा, रोज वीस मिनिटं. एफर्ट बिल्कुल नाही.”

एफर्ट नाही म्हटल्यावर मालकांना ते पटलंच. महिनाभर ते टीव्हीपुढे बसून थरथरत होते. मी आत वैतागलो होतो. बाहेरून कितीही हलवा, चेतेचा निरोप येत नाही. निरोप नाही तर कॅल्शियम नाही, आणि कॅल्शियम नाही तर पकड नाही. बिनकामाचे धागे मी मोडून टाकतो, कारण रिकामटेकड्यांना पोसायला मी काही सरकारी कार्यालय नाही. अशाने मी दिवसेंदिवस बारीक होत होतो.

हेमलताबाई, म्हणजे मालकीणबाई, एकदा म्हणाल्या, “अहो, पाय तुम्ही हलवताय की मशीन?”

“एकच गोष्ट आहे.”

“अच्छा. मग कणकेचा डबा चालू मिक्सरवर ठेवते. पीठ मळलं जाईल.”

मालकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बाईंनी तो बंद केला.

“बसा खाली आणि उठून दाखवा. नाहीतर मीच खुर्ची लिहायला सांगते.”

बसले. उठताना सोफ्याचं कव्हर हातात आलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून ऊठबस, हात न लावता, दहा वेळा. मग मुढा, म्हणजे इकडचं वेताचं बुटकं स्टूल. मग पाट. मालक कण्हत होते आणि बाई मोजत होत्या. पहिले दोन-तीन आठवडे मी जाड झालो नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. फक्त निरोप नेमाने येऊ लागले, माझ्या शेजारच्या झोपाळू तंतूंनाही येऊ लागले आणि आम्ही सगळे एकदम ओढायला शिकलो. नंतर नवे धागेही थोडे भरले.

संक्रांतीला पानिपतला गारठा होता. भाषण संपलं, लोक उठले. बळवंतराव हात पुढे करून मालकांसमोर उभे राहिले. मालकांनी एक गुडघा टेकला, तळवा मांडीवर, थेट माझ्या डोक्यावर दाबला. निरोप आला. झाकणं सरकली. आम्ही ओढलं, सोडलं, ओढलं. ते थरथरले, अर्ध्यावर अडकले आणि उभे राहिले. बळवंतरावांचा हात तसाच रिकामा राहिला.

“क्या बात है. काय करता हो?”

“मसाजर,” मालक म्हणाले. “रोज वीस मिनिटं. तुम्हीही घ्या.”

मित्रांनो, हे ऐकायला मी एकसष्ट वर्षं जगलो.

परतताना बसमध्ये हेमलताबाई म्हणाल्या, “मग उद्या मुढा माळ्यावर टाकते. मशीन आहेच.”

मालकांनी आधी बळवंतराव किती लांब बसलेत ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, “राहू दे मुढा.”

माझं कौतुक एवढंच झालं आणि मला ते पुरतं. तुमच्याही मांडीत माझ्यासारखे लाखो जण आहेत. आम्हाला तुच्छतेने बोलता येतं, पण स्वतःला निरोप पाठवता येत नाही. तो तुमच्याकडूनच यावा लागतो. तेव्हा हे वाचून झालं असेल तर उठा. हात न टेकता.