नऊ गैरहजर

पिठाची दहा किलोची पिशवी नर्सनं स्वतःच उचलून वजनकाट्यावर ठेवली आणि उकिडवं बसून आकडा पाहिला. दहा. पिशवी उतरवून पुन्हा ठेवली. पुन्हा दहाच.

“काटा तुमच्या दवाखान्याचा आहे, सिस्टर,” मुख्याध्यापिका दारातून म्हणाल्या. “त्याचा संशय आमच्यावर कशाला?”

“संशय नाही हो, बाई. खात्री करून घेतेय.”

संशयच होता. गोड पेयं आणि पाकीटबंद खाऊवर सरकारनं कर बसवला, त्याला वर्ष होत आलं होतं. त्यानं मुलांची वजनं आटोक्यात येतात का, हे पाहण्यासाठी चार शाळा निवडल्या होत्या. तीन शाळांतले आकडे जेमतेम हलले. इथं मात्र सहावीची सरासरी सहा महिन्यांत दोन किलोंनी घसरली. आरोग्य खात्यातले साहेब हुरळून गेले होते, “कर लागू पडला!” म्हणून चौघांना सांगत सुटले होते. पण वीस वर्षं वजनं घेतलेल्या नर्सला ठाऊक होतं, वाढत्या वयाची पोरं अशी जिना उतरल्यासारखी उतरत नाहीत. कुठंतरी पाणी मुरत होतं.

फाटकासमोरच्या दुकानदाराला तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“खप कमी झाला असेल ना?”

“कसला कमी? भाव तोच ठेवायला कंपनीनं पाकीट लहान केलं. पोरं आता एकाऐवजी दोन नेतात.”

ती तशीच मागं फिरली आणि हजेरीपट मागून घेतला. वजनाच्या दिवशी नऊ मुलं गैरहजर. सहा महिन्यांपूर्वीची वजनांची यादी शेजारी ठेवून ती एकेका नावावर बोट फिरवत गेली. वर्गातली सगळ्यात वजनदार नऊ मुलं, नेमकी तीच.

“यांना घरी बसवलं कुणी, बाई?”

मुख्याध्यापिकांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मी? शाळेच्या कौतुकासाठी?” त्यांनी कागद ओढला, भराभर पत्ते लिहिले आणि तिच्यापुढं सरकवला. “जा. स्वतः विचारून या.”

काटा पिशवीत घालून नर्स निघाली. पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार आईनं उघडलं, पण उंबऱ्यातून ती हलली नाही.

“ताप होता तिला.”

“नऊ जणांना एकाच दिवशी?”

“खाऊवर कर भरतोच आहोत, सिस्टर. आता वजनाचाही हिशेब द्यायचा का?”

आईच्या पाठीमागून एक मुलगी पुढं आली. ओढणी तिनं अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली होती.

“ताप नव्हता. आम्ही नऊ जणांनी ठरवलं होतं.”

“कुणी सांगितलं तसं करायला? बाईंनी?”

मुलीनं नकारार्थी मान हलवली. “बाईंना माहीतही नाही.”

“मग का?”

“गेल्या वेळी लिहून घेणारे काका लांब बसले होते. तुम्ही सगळ्यांचे आकडे ओरडून सांगितलेत.” मुलगी जमिनीकडं पाहत होती. “तेव्हापासून वर्गात मला कुणी नावानं हाक मारत नाही. एकसष्ट म्हणतात.”

आईनं चमकून लेकीकडं पाहिलं. हे तिलाही नवंच होतं.

नर्सच्या खणखणीत आवाजाचं दवाखान्यात सगळे कौतुक करत. हातातला पत्त्यांचा कागद तिनं चार घड्या करून मुठीत दाबला. मग ती खाली वाकली. पिशवीतून काटा काढून तिनं उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर ठेवला, चपला काढल्या आणि स्वतः त्यावर उभी राहिली.

“बघ किती आहे.”

जिन्यावरून वरच्या मजल्याची दोन माणसं चढत होती. ती रेंगाळली. मुलीनं वाकून आकडा पाहिला, त्या माणसांकडं पाहिलं, मग नर्सच्या तोंडाकडं.

आकडा तिनं मोठ्यानं वाचला नाही. तिनं हात पुढं केला.

“पेन द्या.”