सहा हातांचा नवरदेव

डब्याचं झाकण जरा लांबूनच उघडा, वासाने डोकं धरेल. आत गुंडाळून पडलेली मी एक काळीपांढरी फिल्म, समुद्राच्या तळाशी लागलेल्या लग्नाची. माशांचा बँड, सॅक्सोफोन फुंकणारी शेवंड, नवरदेव ऑक्टोपस. सगळी हाताने काढलेली हलती चित्रं. माझ्यातले मासे शहाणे; मला काढणारी आणि बघणारी माणसं मात्र... जाऊ दे. नाही, सांगतेच.

न्यूयॉर्कमध्ये झेलनिकसाहेबाच्या कारखान्यात माझा जन्म. साहेबाचा हात इतका आखडता, की आमच्यात कुणाला पाचवं बोट परवडायचं नाही. एकेक बोट हजारदा काढायचं म्हणजे शाई जाते, वेळ जातो. म्हणून सगळ्यांना चारच बोटं. आमचा चित्रकार हॅल्वर तर साहेबाच्याही वर गेला. त्याने ऑक्टोपसला सहाच हात काढले.

शाईने चित्रं गिरवणारी कॉन्चेटा म्हणाली, "अरे हॅल्वर, ह्याचे दोन हात कुठे गेले?"

"पाठीमागे. अंगठी लपवलीय त्याने."

"दोन हात लागतात अंगठीला? केवढी बायको करतोय?"

हसले दोघं, आणि तसंच पुढे ढकललं. कामाची रीत बघा!

पण हॅल्वरचा जीव भलतीकडेच अडकला होता. पहिल्या खेळाला लोक हसले, तर माझ्या सुरुवातीच्या पाटीवर त्याचं नाव घालायचं साहेबाने कबूल केलं होतं. ते नाव त्याला बापाला दाखवायचं होतं. बाप ओलाव. उमर नॉर्वेच्या समुद्रात मासे धरण्यात गेली, आता ब्रुकलिनच्या गोदीत दोर ओढायचा. चित्रं काढणं हे त्याच्या लेखी कामच नव्हे. पोरगा काय काढतो, हे त्याने कधी विचारलं नाही. पोराने कधी सांगितलं नाही. एका टेबलावर बसून उकडलेले बटाटे खायचे, तेवढंच नातं.

पहिला खेळ गोदीजवळच्या थिएटरात झाला. हॅल्वर बापाला घेऊन आला, पण चित्रं आपली आहेत हे न सांगता. पाण्याखाली शेवंडीने सॅक्सोफोन फुंकला, कुणाला काही वाटलं नाही. पाण्याखाली मेणबत्त्या पेटल्या, त्याही चालल्या. नवरदेव आला मात्र, ओलाव ताडकन उभा राहिला.

"अरे, सहाच हात! कुठल्या गाढवाने काढलाय हा?"

"ओलावदादा, बायकोने तोडले असतील!" मागून कुणीतरी.

"लग्न तर लागू दे, मेल्या!"

सगळं थिएटर माझ्या नवरदेवाचे हात मोठ्याने मोजायला लागलं. हसून हसून लोकांना ठसका लागला.

बाहेर आल्यावर साहेब खूश. "हॅल्वर, लोक हसले. उद्या तुझं नाव घालतो."

फुटपाथवर ओलाव अजून त्या गाढवाचीच गोष्ट रंगवत होता. हॅल्वरने तिकडे पाहिलं.

"नको साहेब. राहू द्या."

भित्रा कुठला! माझी पाटी बिननावाची राहिली ती राहिलीच.

पुढे मी त्या थिएटरात होते तोवर दर शनिवारी म्हातारा पोराला घेऊन यायचा. त्याच जागी उभा राहून तेच ओरडायचा, आणि पोरगा लोकांबरोबर स्वतःलाच हसायचा. असला तमाशा पैसे देऊन बघतात ही माणसं!

आता ओलाव नाही. मी हॅल्वरच्या स्वयंपाकघरात, कपाटाच्या तळाशी. कडा चिकट झाल्यात. माझी जात लवकर पेट घेणारी, म्हणून घरमालकीण रोज दार ठोकते, "तो डबा आधी बाहेर काढा!" तिचं बरोबर आहे. जाईन मी.

जायच्या आधी एक सांगते. पडद्यावरून मला दोघांचीही तोंडं समोर दिसायची. ओरडताना म्हातारा माझ्याकडे बघतच नसे. तो पोराच्या तोंडाकडे बघायचा, वाट बघत असल्यासारखा. आणि हा शुंभ हसत बसायचा.

हॅल्वर, मला खुशाल टाक. पण ते सहा हात तू काढलेस, एवढं एकदा मोठ्याने म्हण. ऐकायला आता मीच उरलेय.